असलाशी रुजू

शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ मध्ये साताऱ्यास झाला आणि तेथून पुढे दौलतीचे कागद ज्या दफ्तरांतून वाहू लागले, त्यांतील एखाद्या सनदेचा प्रवास पाहिला म्हणजे कारकुनांच्या अंगी अविश्वासाची केवढी शिस्त मुरलेली होती हे ध्यानी येते. मसुदा एकाने करावा, नोंद दुसऱ्याने घ्यावी, माथ्यावर मुद्रा व अखेरीस मोर्तब उठावे, आणि शेवटी 'सुरू सूद', 'बार सूद' असे शेरे पडावेत. शिक्का हुकूम कोणाचा एवढेच सांगे, मजकूर तोच आहे याचा निर्वाळा नोंदीशी रुजुवात केल्यावाचून मिळत नसे.

हा भेद संगणकविद्येस फार उशिरा उमगला. टर्मिनलवर एका ओळीच्या आज्ञेने चालणारे चिमुकले साधन घ्या: त्याची मूळ संहिता सर्वांस खुली असते, परंतु लोक वापरतात ते कोणीतरी तीपासून घडवून पाठवलेले पॅकेज, आणि त्यावरील डिजिटल सही पाठवणाराची ओळख पटवते, आतील माल त्या संहितेतूनच निघाला याची ग्वाही देत नाही. कंपायलरच बिघडवला तर निष्कलंक संहितेतूनही चोरवाट असलेला प्रोग्रॅम निपजतो, हे केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्येच लिहून ठेवले होते. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या मंडळींनी २०१३ पासून नेटाने चालवलेला उपाय साताऱ्याच्या दफ्तरदारास सहज पटला असता: तीच संहिता, तीच हत्यारे, यंत्रे मात्र निराळी, आणि दोन्हीकडची पॅकेजे शेवटच्या बाइटपर्यंत एक.

यात पहिली अडचण करते ते घड्याळ. बांधणीची वेळ पॅकेजात शिरते आणि कानामात्रेचाही फरक नसलेल्या प्रती भिन्न ठरतात. म्हणून ती वेळ टाकून संहितेतील शेवटच्या दुरुस्तीची तारीख तेथे घालतात.

मिरजेचे इतिहाससंशोधक वासुदेवशास्त्री खरे यांच्यापुढे तारखेचा तिढा उलट बाजूने आला. पटवर्धनी दफ्तरातील पत्रे १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त छापताना, चंद्र (म्हणजे चांद्र तारीख) व महिना असून साल नसलेल्या पत्राचा काळ त्यांना आतील मजकुरावरूनच ठरवावा लागे. वाईस सापडलेल्या कागदांवरून इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, तोही बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भिस्त ठेवून. खरेशास्त्री मात्र वेचून छापीत; त्यांचे तारतम्य थोर होते, तरी वेचणे आले की गाळणेही आले, आणि गाळलेले पाहण्याचा वाचकाचा हक्क मला महत्त्वाचा वाटतो. साताऱ्यास इतिहाससंशोधक पारसनीसांनी जमवलेला ऐतिहासिक कागदांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. त्यातील कागदांपुरती तरी छापील मजकुराची असलाशी रुजुवात करता येते.