मध्यावस्था, ख्रिस्ती : मावळ व लोणावळा

माणसाच्या मृत्यूपासून अखेरच्या दिवशी होणाऱ्या मृतांच्या पुनरुत्थानापर्यंत त्याचा आत्मा कुठे व कोणत्या स्थितीत असतो, याविषयीच्या ख्रिस्ती विचाराला मध्यावस्थेचा विचार म्हणतात. पुनरुत्थान आणि येणाऱ्या युगातील जीवन हे दोन्ही नायसियाच्या श्रद्धाघोषणेत आहेत; मधल्या काळाबद्दल तिच्यात एक अक्षर नाही. पंथांची तोंडे वेगळ्या दिशांना वळतात ती या रिकाम्या जागेवर. गेल्या शतकाच्या अखेरीस त्यांपैकी दोन अगदी टोकाच्या दिशा लोणावळ्यासारख्या एका लहान घाटमाथ्याच्या गावात शेजारी नांदत होत्या.

कॅथलिक शिकवण सहजासहजी ठरलेली नाही. १३३१ च्या अखेरीस पोप बावीसावे जॉन यांनी आव्हिन्याँ येथे प्रवचनांतून असे मत मांडले की, पुण्यात्म्यांनाही देवाचे पूर्ण दर्शन न्यायाच्या दिवसानंतरच घडेल. पॅरिसच्या धर्मपंडितांनी विरोध केला. १३३४ मध्ये मृत्युशय्येवर पोपनी ते मत मागे घेतले. त्यांच्यानंतरचे बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ मध्ये निर्णय दिला : निर्मळ आत्म्यांना मृत्यूनंतर लगेच देवदर्शन होते, ज्यांचे शुद्धीकरण उरले आहे त्यांना ते शुद्धीनंतर, महापापात मरणारे लगेच नरकात जातात. पुनरुत्थान अर्थातच नंतर व्हायचे आहे, पण आत्म्याचा निवाडा तोवर थांबत नाही. शुद्धिस्थानातील आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनांची मदत होते, या श्रद्धेचा आधार मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात शोधला जातो. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कॅथलिक कुटुंबे कबरी धुऊन फुले व मेणबत्त्या ठेवतात ती याच श्रद्धेतून. दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंडाला कावळा शिवेपर्यंत ताटकळणाऱ्या मावळातल्या माणसाला यातली कळकळ समजावून सांगावी लागत नाही, हिशेब मात्र निराळा आहे : ख्रिस्ती श्रद्धेत पुनर्जन्म नाही आणि मिळालेले आयुष्य एकदाच.

प्रॉटेस्टंट परंपरेने मक्काबींचा ग्रंथ प्रमाण मानला नाही आणि शुद्धिस्थानही नाकारले. मृतांसाठी प्रार्थना केल्याने त्यांची अवस्था बदलत नाही, विश्वासी आत्मा थेट ख्रिस्ताजवळ जातो, हे मत अमेरिकन मराठी मिशनसारख्या मिशनांबरोबर महाराष्ट्रात आले. आत्मा झोपतो या कल्पनेकडे ल्यूथर यांचा काही काळ कल होता. कॅल्विन यांनी तिच्याविरुद्ध स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते त्यांच्या अगदी सुरुवातीच्या धार्मिक लेखनांपैकी एक होय.

‘निद्रा’ मानणारे आजही आहेत. पुण्यात औंधच्या स्पायसर शिक्षणसंस्थेमुळे परिचित असलेला सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ मृतांना कसलीही जाणीव नसते असे मानतो. यहोवाचे साक्षीदार आणखी पुढे जातात : माणसाजवळ आत्मा नसतो, माणूस हाच आत्मा, तो मेला की काही उरत नाही, उरते ती देवाची आठवण, आणि तिच्यातून देव त्याला पुन्हा उठवील. उपदेशक ग्रंथातील ९:५ हे वचन त्यांच्या तोंडी नेहमी असते. लूक २३:४३ मध्ये क्रूसावरच्या चोराला दिलेले आश्वासन त्यांच्या बायबलात ‘आज’ या शब्दानंतर स्वल्पविराम घालून छापले जाते. त्यामुळे ‘आज’ सांगितले एवढेच होते. सुखलोकात जाणे पुढच्या काळावर जाते. मूळ ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती, तरी इतर बहुतेक भाषांतरकारांना ही मांडणी ओढूनताणून केलेली वाटते, आणि ते रास्तच आहे. त्रैक्य नाकारत असल्याने या गटाला इतर चर्च ख्रिस्ती मानत नाहीत. त्यांचे भारतातील शाखा-कार्यालय लोणावळ्यात होते. १९८० व १९९० च्या दशकांत त्यांच्या ‘टेहळणी बुरूज’ या नियतकालिकाच्या जगभरच्या अंकांत भारताचा पत्ता म्हणून लोणावळा छापून येई. पुढे ते बंगळूरला हलले.

दुसरे टोक जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांचे. मुंबईत जन्मलेल्या डिमेलोंनी पुण्यात सुरू केलेली साधना संस्था नंतर लोणावळ्यात आली. प्रार्थना व ध्यान शिकण्यासाठी तेथे धर्मगुरू आणि धर्मभगिनी येत. मरणानंतर काय, या प्रश्नात त्यांना फारसा रस नव्हता. मरणाआधी आपण जिवंत आहोत का, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, २४ जून १९९८ रोजी, व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाने कार्डिनल राट्झिंगर यांच्या सहीने त्यांच्या लेखनाबद्दल इशारा प्रसिद्ध केला. इतर आक्षेपांबरोबर दोन आक्षेप नेमके या विषयावरचे होते : मीठ पाण्यात विरघळावे तसे माणसाचे निर्गुण देवात विरघळणे ते सुचवतात, आणि मरणोत्तर गतीचा प्रश्नच गैरलागू ठरवतात. लोणावळ्यातील मिठाच्या या दृष्टान्तात नवे काही नव्हते. रामकृष्ण परमहंसांची समुद्राची खोली मोजायला गेलेली मिठाची बाहुली महाराष्ट्रातही ओळखीची आहे. रोमला खटकले ते ‘मी’ न उरणे. याच मंडळाने १९७९ च्या पत्रात मृत्यूनंतर जाणीव व इच्छाशक्ती असलेला आत्मिक अंश टिकतो असे बजावले होते, आणि राट्झिंगर यांनी १९७७ च्या अंत्यविचारविषयक ग्रंथात ‘मरणातच पुनरुत्थान’ या नव्या जर्मन मताविरुद्ध आत्म्याची बाजू लढवली होती. म्हणजे डिमेलोंवरचा आक्षेप फक्त पूर्वेकडच्या विचाराच्या भीतीतून आला, हे त्यांच्या चाहत्यांचे म्हणणे अर्धेच खरे. डिमेलोंची कित्येक पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर इतरांनी भाषणांवरून तयार केली, ही चाहत्यांची तक्रार मात्र वजनदार आहे.

अंत्यविधीच्या नियमांतही हाच वाद दिसतो. कॅथलिकांना दहनाची मुभा १९६३ मध्ये मिळाली. २०१६ च्या सूचनेने रक्षा विखुरण्यास किंवा पाण्यात सोडण्यास मनाई केली आणि ती दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवण्यास सांगितले. निसर्गात विलीन होण्याची कल्पना त्यातून सूचित होऊ नये, हे कारण दिले. २०२३ च्या अखेरीस रक्षेचा अल्प अंश मृताला प्रिय असलेल्या ठिकाणी ठेवण्यास, काही अटींवर, परवानगी देण्यात आली.