सांध्याची चौकशी



गेल्या उन्हाळ्यात हिंगणघाटचा एक तरुण कामगार आमच्या युनियनच्या कचेरीत आला आणि रुमालात गुंडाळलेला मोबाइल त्याने टेबलावर ठेवला. चार्जिंगचे सॉकेट खिळखिळे झाले होते. त्याने नवे सॉकेट विकत आणून, जुने उतरवून, ते स्वतःच्या हाताने झाळून बसवले होते. झाळणे म्हणजे आजच्या भाषेत सोल्डरिंग. काम झाले, पण फोन काही सुरू होईना. कामाच्या पाळीचा निरोप त्याच फोनवर येणार. निरोप चुकला की दिवसाची मजुरी बुडणार. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी एकमुखाने निकाल देऊन टाकला होता : तू हात लावलास, तूच बिघडवलेस; आता नवा घे.

असला निकाल आमच्या चांगल्या ओळखीचा आहे. गिरण्यांच्या जुन्या काळी सूत तुटले की दंड आधी आणि चौकशी मागाहून, आणि पुष्कळदा चौकशी नाहीच, असा प्रकार असे. कापूस आखूड धाग्याचा होता का, हवा कोरडी होती का, चाती झिजली होती का, हे कोणी विचारीत नसे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने घातलेले एक बंधन म्हणूनच मोलाचे होते : कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून दंड करता कामा नये. माणसाला जो न्याय, तोच आम्ही त्या मुक्या यंत्राला लावायचे ठरवले आणि मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्या कारागिराकडे त्या मुलाला घेऊन गेलो.

चौकशीपूर्वी सांध्याची थोडी कुळकथा सांगितली पाहिजे. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी कल्हईवाला पाहिलेला आहे. पितळी गंज भट्टीवर तापवायचा, नवसागराची पूड टाकायची, आणि मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने फिरवायचे. नवसागर मळ काढतो. मळ गेल्याशिवाय कथील धातूला धरत नाही, नुसते वर गोळा होऊन बसते. सोल्डरच्या तारेत राळ असते, तीही हेच काम करते. म्हणजे भांडे मोठे असो की तांदळाएवढा सांधा असो, शास्त्र एकच आहे : स्वच्छता, पुरेशी उष्णता आणि योग्य क्षण.

फरक पडला तो धातूत. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचे जुने मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते. शिसे विषारी, म्हणून युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंत त्याच्या वापरावर निर्बंध घातले. जगभरचे कारखाने मग कथील, चांदी आणि तांबे यांच्या मिश्रणाकडे वळले. ते वितळायला सुमारे २१७ अंश लागतात. रेडिओ झाळून तयार झालेला हात आणि साधे सोल्डरिंग आयर्न इथे फसतात ते यामुळे. बोर्डावर तांब्याचा रुंद पट्टा जिथे असतो तिथे तो उष्णता ओढून घेतो, आणि सांधा वरून बसलेला दिसला तरी आत धरलेला नसतो. त्याला कारागीर ‘थंड सांधा’ म्हणतात.

आता चौकशी. कारागिराने प्रथम बॅटरीची जोडणी सोडवली. आत वीज असताना कुठेही टोचायचे नाही, हा पहिला नियम. मग बॅटरी मोजली : ३.२ व्होल्ट. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टच्या वर-खाली दाखवते. तेव्हा पहिला साक्षीदार बोलला : फोन मेलेला नाही, उपाशी आहे. त्यानंतर राळेचा चिकटा अल्कोहोलने पुसून भिंग धरले. दोन पायांमध्ये सोल्डरचा पूल झाला आहे का? नाही. तांब्याची टिकली उखडली आहे का? नाही. पाच व्होल्टची वाट आणि जमीन यांच्यात शॉर्ट आहे का? मीटर म्हणाला, नाही. मग चार्जर जोडून मोजले. सॉकेटाच्या पायावर ५ व्होल्ट, आणि त्याच पायाखालच्या तांब्यावर शून्य. दोष त्या दोन टोकांमध्येच असला पाहिजे, आणि तिथे सांध्याखेरीज दुसरे काय असणार? भिंगातून तो निस्तेज आणि रवाळ दिसत होता, आणि त्याच्या कडेने केसासारखी चीर होती. चार्जर काढला, राळ लावली, आयर्न नीट तापू दिले, तीन-चार सेकंद टेकवले, आणि सोल्डर चकाकत पसरले. बॅटरी जोडून चार्जर लावल्यावर काही मिनिटे पडदा काळाच राहिला, आणि मग बॅटरीची खूण उमटली.

मुलाचे चुकले नव्हते काय? चुकले होते, उष्णता कमी पडली होती. पण चूक एका सांध्याची होती आणि शिक्षा सबंध फोनला मिळणार होती.

इथे आपल्या जिल्ह्याचा इतिहास आठवतो. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे इनाम जाहीर केले. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र खेड्यातल्या झोपडीत चालावे. किंमत १५० रुपयांपेक्षा अधिक नसावी. वेळेवर निगा राखल्यास ते निदान २० वर्षे टिकावे. आणि झिजलेले भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये. इनाम कोणालाच मिळाले नाही. पण यंत्र जन्माला येण्याआधीच त्याच्या दुरुस्तीचा हिशेब मांडणारी ही अट विसरण्यासारखी नाही. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी वर्ध्यात मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. तिथले चरखे पाहताना ही अट मनात ठेवावी. दहा हजारांच्या फोनला ती लावली, तर वर्षाचा खर्च पाचशेच्या आत आणि आयुष्य वीस वर्षे!

सेवाग्राम आश्रमात एक जुना टेलिफोनही जपून ठेवला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी बोलता यावे म्हणून तो बसवला होता. त्या काळी घरोघरचे टेलिफोन सरकारी खात्याच्या मालकीचे असत. ते उघडायचे ते खात्याच्या माणसानेच. पुढे ३१ जुलै १९९५ रोजी देशात पहिला मोबाइल कॉल झाला आणि फोन ज्याचा त्याच्या खिशात गेला. पण गंमत पाहा. तेव्हा यंत्र आपले नव्हते, म्हणून उघडता येत नव्हते. आज यंत्र आपले आहे, हप्ते आपण भरतो, तरी ते डिंकाने बंद. नकाशा मिळत नाही, सुटे भाग मिळत नाहीत. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व वाहने ही क्षेत्रे तिच्या विचारात घेतली. हा हक्क म्हणजे श्रीमंतांची हौस नव्हे. ज्याची दिवसाची मजुरी फोनवर अवलंबून आहे, त्याच्या भाकरीचा तो प्रश्न आहे.

हक्काबरोबर जबाबदारी येतेच. लिथियमची बॅटरी टोचली तर पेट घेते. तिच्याशी खेळ नको. ज्याला येत नाही त्याने येणाऱ्याजवळ बसून शिकावे. तो मुलगा आता रविवारी त्या कारागिराच्या दुकानात बसतो. परवा त्याने आम्हाला आपला पहिला चांगला सांधा भिंगातून दाखवला. कल्हई केलेल्या गंजासारखा तो चकाकत होता.