उडी नेत्याची, दुरावा गावाचा

आमच्याकडं कुणी पक्ष बदलला म्हणत नाही, 'उडी मारली' म्हणतात. शब्द नेमका आहे. उडी मारणारा क्षणात पलीकडं पोचतो. त्याच्यामागं आलेली माणसं मात्र अलीकडच्या काठावर उभीच राहतात.

उड्यांना देशभराचं नाव मिळालं ते हरियाणातून. १९६७ साली तिथले आमदार गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम-गयाराम' हा शब्द पारावरसुद्धा रूढ झाला. पण महाराष्ट्राला ही गोष्ट तेव्हाही नवी नव्हती. केशवराव जेधे, शंकरराव मोरे या मंडळींनी काँग्रेसमधून बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष काढला, आणि पुढं काही वर्षांनी ते दोघंही काँग्रेसमध्ये परतले. राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात शेकापची आणखी बरीच माणसं तिकडं गेली.

त्यामागं नुसता लोभ होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. साखर कारखान्याला परवाना लागतो, सरकारचं भागभांडवल लागतं, कर्जाला सरकारची थकहमी लागते. पाटाच्या पाण्याची फाईल मुंबईतच हलते. विरोधात बसून कारखाना चालवणं म्हणजे बिनपाण्याचा ऊस लावण्यासारखं. म्हणून नेता सत्तेकडं सरकला तर जुनी माणसं म्हणायची, "त्याचं त्याला बघू द्या, आपला ऊस वेळेवर तुटला म्हणजे झालं."

पण १९७८ साली या समजूतदारपणाचाही कस लागला. त्या वर्षी जानेवारीत काँग्रेस दुभंगली. इंदिराबाईंची एक आणि रेड्डींची दुसरी. फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक. २८८ जागांपैकी जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२. महिनाभर एकमेकांच्या उरावर बसलेल्या दोन्ही काँग्रेस मार्चमध्ये एकत्र आल्या. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. जुलैत शरद पवार आपले आमदार घेऊन बाहेर पडले. जनता पक्ष आणि शेकाप यांना बरोबर घेऊन त्यांनी पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार केलं आणि १८ जुलैला, अडतिसाव्या वर्षी, ते मुख्यमंत्री झाले. म्हणजे ज्यानं फेब्रुवारीत जनता पक्षाला पाडायला काँग्रेसला मत दिलं, त्याचा आमदार जुलैत जनता पक्षाच्याच मांडीला मांडी लावून बसलेला असू शकत होता.

आमच्या गावात त्या सहा महिन्यांत काय झालं ते सांगतो. आमचे आबा एका काँग्रेसचे, त्यांचे चुलतभाऊ तात्या दुसऱ्या. बांध एक, विहीर एक, पाण्याची पाळी ठरलेली. प्रचारात शब्दानं शब्द वाढला आणि पाळीवरून मोटरीचा फ्यूज काढण्यापर्यंत मजल गेली. निकालानंतर दोघांचे नेते एका मंत्रिमंडळात बसले. तेव्हा आई आबांना म्हणाली, "अवो, त्यांचं मिटलं, आता तुम्ही तरी मिटवा." आबा म्हणाले, "त्यांचं मुंबईत मिटलंय. माझी विहीर हितं हाय." आबा-तात्यांचं बोलणं पुढं सरकार पडल्यावरही सुरू झालं नाही. त्या साली तात्यांच्या घरी लग्न होतं. भावकीचं लग्न असून आमच्या घरातलं कुणी अक्षता टाकायला गेलं नाही.

याचं कारण असं, की गावात पक्ष नसतो, गट असतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला पक्षाचं चिन्हही नसतं, पॅनेल असतात. पक्षाचं नाव वरून येतं आणि बांधाच्या, पाण्याच्या, सोसायटीच्या कर्जाच्या जुन्या भांडणावर झूल घालावी तसं बसतं. नेता उडी मारतो तेव्हा फक्त झूल बदलते. खालचं भांडण तसंच राहतं, कधी जास्तच चिघळतं. कारण ज्याच्या जोरावर भांडलो तोच पलीकडच्याच्या दारात चहा प्यायला लागलेला असतो.

दिल्लीनं यावर औषध काढलं १९८५ साली. ५२ वी घटनादुरुस्ती झाली, दहावं परिशिष्ट आलं. एकट्यानं पक्ष सोडला तर आमदारकी जाणार. पण एक तृतीयांश आमदार निघाले तर ती 'फूट', तिला माफी. २००३ साली ९१ व्या दुरुस्तीनं ती पळवाट बुजवली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची तेवढी ठेवली. आमच्या भाषेत सांगायचं तर एक शेरडू नेलं तर चोरी, कळप नेला तर बाजार. निकाल द्यायचा विधानसभा अध्यक्षांनी, आणि अध्यक्ष निवडून येतात त्याच सभागृहाच्या बहुमतानं. शिवसेना २०२२ साली फुटली, त्याचा निकाल लागायला दीड वर्ष गेलं. राष्ट्रवादी २०२३ साली फुटली. २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दोन्ही निकाल आले आणि कुठल्याच गटाचा एकही आमदार अपात्र ठरला नाही.

या साऱ्या कायद्यात आमदारांची डोकी मोजली जातात, उन्हात रांगेला उभं राहिलेल्याचं मत कुठंच मोजलं जात नाही. ज्यानं एका चिन्हावर शिक्का मारला त्याला, 'तुझं मत पलीकडं नेऊ का?' असं कुणी विचारत नाही. विचार बदलला म्हणून कुणी पक्ष सोडला तर त्याला दोष नाही. त्यानं राजीनामा द्यावा, पुन्हा लोकांपुढं यावं आणि नव्या चिन्हावर मत मागावं. काहींनी तसं केलंही आहे. एवढं एक पाऊल उचललं तरी तिला उडी म्हणायची वेळ येणार नाही.

आता आमची पोरं शहाणी झालीत. झेंडा धरतात, पण भावकीतलं लग्न चुकवत नाहीत. "नेत्यासाठी चुलत्याशी कशाला वाकडं घ्यायचं?" म्हणतात. ऐकून बरं वाटतं. पण तीच पोरं पुढं म्हणतात, "मत कुणालाही द्या, जायचं तिकडंच जातोय." नेत्यांच्या उड्यांनी भावकी तुटली होती, ती सांधता येते. मतावरचा हा विश्वास उडाला तर तो सांधायला कुठली बैठक बसवायची?