बटाट्याच्या सुटीपासून उद्यान-सहलीपर्यंत : युरोपातील शरद सुटीचा सामाजिक इतिहास

प्रास्ताविक

ऑक्टोबर महिना सुरू झाला की पश्चिम युरोपातील असंख्य कुटुंबांत एक विशिष्ट प्रकारची जुळवाजुळव सुरू होते. मुलांच्या शाळेची शरद सुटी कोणत्या आठवड्यात आहे, आईवडिलांच्या वाट्याची किती रजा शिल्लक आहे, कोणत्या प्रांताच्या शाळा त्याच वेळी बंद आहेत आणि त्यामुळे गर्दी किती असेल, पाऊस आला तर छपराखालचे खेळ कोठे आहेत, या साऱ्याचा विचार करून दोन-तीन दिवसांची मनोरंजन उद्यानाची सहल आखली जाते. वरवर पाहता ही अगदी खासगी व घरगुती बाब आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्याकडे का पाहावे, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. परंतु या आखणीतील प्रत्येक घटकामागे, म्हणजे सुटीचा आठवडा, पगारी रजा, थंडीतही उघडे राहणारे उद्यान आणि शाळेची सक्ती यांमागे, स्वतंत्र इतिहास आहे. कुटुंबाच्या मोकळ्या वेळावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न या सर्व इतिहासांत समान आहे. प्रस्तुत निबंधात त्याच प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

सुगी आणि शाळा

डेन्मार्कमध्ये वर्षातील आठवडे क्रमांकाने ओळखण्याचा प्रघात आहे. तेथील शाळांची शरद सुटी बेचाळिसाव्या आठवड्यात येते आणि जुनी माणसे तिला आजही ‘बटाट्याची सुटी’ म्हणतात. जर्मनीच्या काही भागांत शरद सुटीला असेच नाव होते. स्कॉटलंडमध्ये तर ऑक्टोबरच्या सुटीचे लोकभाषेतील नाव अजूनही ‘टॅटी हॉलिडेज’ असेच आहे. टॅटी म्हणजे बटाटा. या नावातच सुटीचे मूळ दडलेले आहे. एकोणिसाव्या शतकात प्राथमिक शिक्षण सक्तीचे होऊ लागले तेव्हा शेतकरी कुटुंबांपुढे मोठा पेच उभा राहिला. जमिनीतून उकरलेले बटाटे वाकून वेचण्याचे काम लहान मुलांच्या हातांनी होत असे. मुले शाळेत अडकली तर हिमवर्षावापूर्वी पीक घरात यायचे कसे? शाळेने शेवटी शेताशी तडजोड केली आणि सुगीचा आठवडा सोडून दिला. म्हणजे मुलांना सुटी मिळाली ती विश्रांतीसाठी नव्हे, श्रमासाठी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मजुरांची टंचाई निर्माण झाली तेव्हा स्कॉटलंडमध्ये शाळकरी मुलांना बटाटे काढण्यासाठी शाळेतून रीतसर सूट देण्यात येत होती आणि ती प्रथा युद्धानंतरही काही वर्षे टिकली. पुढे बटाटे काढणारी यंत्रे आली, मुलांची गरज संपली. सुटी मात्र राहिली.

इंग्लंडच्या केंट परगण्यातील उदाहरण याहून अधिक बोलके आहे. बिअर गाळण्यासाठी लागणाऱ्या हॉप या वेलीची फुले तेथे सप्टेंबरमध्ये खुडली जात. त्यासाठी पूर्व लंडनच्या गरीब वस्त्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे, बहुधा बायका, आज्या आणि मुले, खास रेल्वेगाड्यांनी केंटमध्ये येत आणि शेतावरच्या झोपड्यांत काही आठवडे मुक्काम करीत. सामानात भांडी, अंथरुणे व गवताने भरायच्या रिकाम्या गाद्या असत. मजुरी अल्प होती. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९३१ साली स्वतः हे काम करून त्यावर लेख लिहिला होता आणि त्यात राहण्याच्या सोयींची दुरवस्था नोंदवली होती. तरीही या कुटुंबांच्या आठवणींत हा काळ ‘सुटी’ म्हणूनच नोंदला गेला आहे. धुराने काळवंडलेल्या शहरातून बाहेर पडण्याची वर्षातील तेवढीच एक संधी होती. कुटुंबाने मिळून केलेली शरद ऋतूतील सहल हा प्रकार इंग्लंडच्या श्रमिक वर्गाला ठाऊक झाला तो असा, मजुरीच्या वाटेने. १९५० नंतरच्या दशकांत फुले खुडण्याची यंत्रे आली आणि ही प्रथा लयाला गेली.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीसाठी निघणारी कुटुंबे आपल्याला परिचित आहेत. त्यांच्या मुलांसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात ‘साखर शाळा’ चालवण्याचे प्रयोग झाले. युरोपात शाळेने पिकासाठी दार बंद केले. आपल्याकडे शाळेलाच पिकामागे जावे लागले. दोन्ही ठिकाणी ऋतू एकच आणि पेचही एकच, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पगारी रजेचा हिशेब

मुलांना सुटी असणे पुरेसे नसते. पालकांनाही रजा हवी. फ्रान्समध्ये ‘पॉप्युलर फ्रंट’ सरकारने जून १९३६ च्या कायद्याने सर्व कामगारांना वर्षाला २ आठवड्यांची पगारी रजा दिली. लेओ लाग्रांज या मंत्र्यांच्या पुढाकाराने रेल्वेभाड्यात सवलत मिळाली आणि त्या उन्हाळ्यात हजारो कामगारांनी प्रथमच समुद्र पाहिला, ही गोष्ट फ्रेंच सामाजिक इतिहासात पुनःपुन्हा सांगितली जाते. तथापि शरद सहलीच्या दृष्टीने त्यानंतरच्या वर्षांकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. रजा १९५६ मध्ये ३ आठवडे, १९६९ मध्ये ४ आठवडे आणि १९८२ मध्ये ५ आठवडे झाली. दोनच आठवडे हाती असलेले कुटुंब ते उन्हाळ्यातच खर्च करणार. पाचवा आठवडा हाती आल्यावर मात्र तो वेगळा वापरता येतो. ऑक्टोबरअखेरच्या छोट्या कौटुंबिक सहलीचा पाया कायद्याने दिलेल्या या अतिरिक्त आठवड्यात आहे, असे माझे मत आहे. मनोरंजन उद्यानांच्या चालकांनी शरद ऋतूची ‘निर्मिती’ केली असे जे म्हटले जाते, ते म्हणूनच अपुरे वाटते.

उन्हाळी बागेचे बारमाही उद्यान

युरोपातील जुनी मनोरंजन उद्याने मुळात उन्हाळ्याची होती. कोपनहेगनचे टिवोली हे त्यांचे उत्तम उदाहरण होय. गेओर्ग कार्स्टेन्सन या उद्योगी गृहस्थाने राजा आठवा ख्रिश्चन याच्याकडून शहराच्या तटबंदीलगतची जागा मागून घेतली आणि १५ ऑगस्ट १८४३ रोजी हे उद्यान खुले झाले. लोक करमणुकीत रमले की राजकारणाचा विचार करीत नाहीत, अशा आशयाचा युक्तिवाद त्याने राजापुढे केला होता असे सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, सत्ता आणि करमणूक यांच्या नात्यावर ती नेमके बोट ठेवते. पहिला हंगाम अवघ्या काही आठवड्यांचा होता. त्याच हंगामात, ऑक्टोबर १८४३ मध्ये, हान्स ख्रिश्चन अँडरसन टिवोलीत गेले होते आणि चिनी पार्श्वभूमीची ‘नाइटिंगेल’ ही परीकथा त्यांनी त्याच सुमारास लिहावयास घेतली. शरद ऋतूतील टिवोलीचा साहित्याशी जडलेला हा पहिला संबंध होय.

त्यानंतर दीर्घकाळ टिवोलीचा हंगाम सप्टेंबरमध्येच आटोपत असे. १९१४ सालचा लाकडी घसरगाडीचा डोंगर, ज्याच्या प्रत्येक गाडीवर आजही ब्रेक सांभाळणारा माणूस बसतो, थंडीत निश्चल उभा राही. बदल घडला तो गेल्या शतकाच्या शेवटी. १९९४ पासून नाताळचा हंगाम आणि २००६ पासून हॅलोविनचा शरद हंगाम सुरू झाला. बेचाळिसाव्या आठवड्यात टिवोली भोपळ्यांनी सजू लागले. बटाट्याच्या सुटीत शेतातून माल काढणाऱ्यांची नातवंडे-पतवंडे आता शोभेसाठी मांडलेला शेतमाल तिकीट काढून पाहतात, यातील उपरोध नजरेआड करता येत नाही.

नेदरलँड्समधील काट्सह्यूवेल गावाचे एफ्टेलिंग उद्यान वेगळ्या परंपरेतून आले. १९३५ साली कॅथलिक धर्मोपदेशकांच्या पुढाकाराने तेथे क्रीडांगण व भटकंतीची जागा तयार झाली होती. युद्धानंतर ती एका संस्थेकडे आली आणि १९५२ साली चित्रकार आंतोन पीक यांच्या आराखड्यानुसार ‘परीकथांचे वन’ उघडले. या उद्यानाचा भारताशीही एक कल्पनारम्य संबंध आहे. १९५८ साली तेथे गालिच्यावरून उडणारा फकीर आला आणि १९६६ साली ‘भारतीय कमळे’ हा देखावा उभा राहिला. त्याची कथा बेल्जियमची राणी फाबिओला हिने लिहिलेली होती. वास्तवातील भारत या देखाव्यांत शोधू नये. गूढ, दूरस्थ पूर्वेची जी प्रतिमा युरोपीय बालसाहित्याने जोपासली तिचेच हे यांत्रिक रूप आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची डच मुले भारताला प्रथम भेटली ती कदाचित अशीच. एफ्टेलिंगही आरंभी उन्हाळी होते. २०१० पासून ते वर्षभर खुले असते.

पॅरिसचा धडा

शाळेच्या दिनदर्शिकेपुढे बलाढ्य उद्योगालाही नमावे लागते, हे १२ एप्रिल १९९२ रोजी मार्न-ला-व्हाले येथे उघडलेल्या युरो डिस्नेच्या अनुभवावरून स्पष्ट होते. तेथील ‘सांस्कृतिक चेर्नोबिल’ ही नाट्यदिग्दर्शिका आरियान म्नुश्किन यांची टीका सर्वत्र उद्धृत होते. पण आर्थिक अपयशाच्या कारणांत एक साधे कारण होते, ज्याकडे टीकाकारांचे लक्ष कमी गेले. अमेरिकी पालक मुलांची शाळा बुडवून छोट्या सहलीस जातात, तसे युरोपीय पालकही करू लागतील, असे कंपनीने गृहीत धरले होते. ते घडले नाही. सुटीत उद्यान ओसंडून वाही आणि इतर दिवशी उपाहारगृहे रिकामी राहत. १९९४ मध्ये कर्जाची पुनर्रचना करावी लागली, उद्यानाचे नावही बदलले आणि त्याच वर्षी उद्यानाच्या दारात अतिवेगवान रेल्वेचे स्थानक सुरू झाले. उत्तर फ्रान्सच्या हवेचा विचार मात्र आधीच झालेला होता. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंस छप्पर असलेले मार्ग बांधलेले होते.

फ्रान्समधील शरद सुटी ‘तूसँ’ या नावाने, म्हणजे १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाच्या नावाने ओळखली जाते. या दिवशी कुटुंबे शेवंतीची फुले घेऊन दफनभूमीत जातात. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेमार्गे आलेला हॅलोविन याच दिवसांवर येऊन बसला. मूळचा आयरिश-स्कॉटिश सण अमेरिकेला जाऊन व्यापारी रूपात परत आला, याची फ्रेंच चर्चने नाराजीने दखल घेतली. २०१२ पासून ही सुटी पूर्ण २ आठवड्यांची झाली. मुलांच्या थकव्याचा विचार हे त्यामागील कारण होते, पण त्याचा लाभ उद्यानांनाही झाला, हे सांगायला नकोच.

तीन देश, तीन दिनदर्शिका

जर्मनीतील रुस्ट या गावी १९७५ साली माक कुटुंबाने उघडलेले ‘युरोपा-पार्क’ फ्रान्सच्या सीमेला लागून आहे आणि स्वित्झर्लंडही जवळच आहे. १७८० पासून गाड्या बांधणाऱ्या या घराण्याने आपली यंत्रे दाखवण्यासाठी उद्यान काढले. येथे जाण्याची आखणी करणाऱ्या कुटुंबाला तीन देशांच्या दिनदर्शिका समोर ठेवाव्या लागतात. जर्मनीत शरद सुटी प्रत्येक राज्य आपापली ठरवते, स्वित्झर्लंडमध्ये ती परगण्यागणिक वेगळी आणि फ्रान्समध्ये सर्वत्र एकाच वेळी. ऑक्टोबरअखेर या सुट्या एकमेकींवर आल्या की रांगा वाढतात. नेदरलँड्सने उत्तर, मध्य व दक्षिण असे विभाग पाडून सुट्या पुढेमागे ठेवल्या आहेत. सुटी एकाच वेळी असली तर गर्दी होते, वेगवेगळी असली तर निरनिराळ्या प्रांतांत राहणाऱ्या भावंडांच्या मुलांची भेट होत नाही. हा पेच कोणत्याच शासनाला पूर्णपणे सोडवता आलेला नाही.

सक्ती आणि दंड

मागणी ठरावीक आठवड्यांत एकवटली की प्रवासाचे व निवासाचे दर वाढतात. याचा भार अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांवर पडतो आणि मग शाळा बुडवण्याचा मोह होतो. इंग्लंडमध्ये २०१३ पर्यंत मुख्याध्यापकांना विशेष परिस्थितीत वर्षाला १० दिवसांपर्यंत कौटुंबिक सहलीसाठी रजा देता येत होती. त्या वर्षी नियम बदलला आणि केवळ ‘अपवादात्मक’ कारण ग्राह्य धरले जाऊ लागले. एप्रिल २०१५ मध्ये वाइट बेटावरील एका पित्याने मुलीला शाळेतून काढून फ्लोरिडातील डिस्ने उद्यानात नेले आणि दंड भरण्यास नकार दिला. मुलीची एरवीची उपस्थिती चांगली होती, हा त्याचा बचाव उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केला. ६ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र एकमताने तो फेटाळला. ‘नियमित’ उपस्थिती म्हणजे शाळेच्या नियमांनुसार उपस्थिती, असा अर्थ न्यायाधीश लेडी हेल यांनी दिला. म्हणजे एक दिवसही पालकांच्या मर्जीवर उरला नाही. बटाट्यासाठी वाकणाऱ्या शाळेने सहलीसाठी वाकण्यास नकार दिला. शाळेची ही भूमिका अयोग्य आहे असे मी म्हणणार नाही. वर्गातील शिक्षकाला प्रत्येक गैरहजर मुलाचा पाठ पुन्हा घ्यावा लागतो, हे आपण प्राध्यापक जाणतो. परंतु दंड सर्वांना सारखा आणि सुटीतील दरवाढ झेपण्याची ऐपत मात्र असमान, ही विसंगती न्यायालयापुढे आलीच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मुदतीत भरावयाच्या दंडाची रक्कम प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकास ६० पौंडांवरून ८० पौंड करण्यात आली. सुटीच्या आणि एरवीच्या दरांतील फरक याहून बराच मोठा असल्याने काही कुटुंबे सहलीचा खर्च मांडताना तिकीट, निवास व भोजन यांच्या खाली दंडाचीही एक ओळ लिहितात.