ऑड्री राणीचं बेट

आज जरा लांब जाऊया. इंग्लंडात, आणि तेही साडेतेराशे वर्षांपूर्वीच्या. तेव्हा तिथे एक राजा नव्हता, छोटी छोटी राज्यं होती. अँग्लो-सॅक्सन लोकांची. ख्रिस्ती धर्म नुकताच रुजत होता. त्या काळातल्या एका राजकन्येची ही हकिगत आहे. ती दोनदा लग्न होऊन शेवटी जोगीण झाली, आणि पुढे लोक तिला संत मानू लागले.

तिचं नाव एथेलथ्रिथ. म्हणायला अवघड आहे. तिथल्या लोकांनाही अवघडच गेलं असावं, कारण त्यांच्या तोंडी त्याचं एथेलड्रेडा झालं आणि मग नुसतं ऑड्री. आपणही ऑड्रीच म्हणू.

तिचे वडील अ‍ॅना. नाव बाईचं वाटतं, पण हे पूर्व अँग्लियाचे राजे होते. घरात मुली बऱ्याच. थोरली सेक्सबर्ग केंटच्या राजाला दिलेली, एक बहीण समुद्रापलीकडे फ्रान्सच्या मठात. ऑड्रीचं लग्न 652 च्या सुमाराला टोंडबर्ट नावाच्या सरदाराशी झालं. त्याचा मुलूख म्हणजे सगळी दलदल. दोन-तीन वर्षांत वडील लढाईत मारले गेले आणि नवराही वारला. राज्य काकांकडे गेलं.

आता आम्हाला जे सांगायचं आहे ते इथे आहे. त्या लोकांत नवऱ्याने लग्नात बायकोला काही द्यायची रीत होती. गाय द्या, दागिना द्या, जमीन द्या. जे दिलं ते तिचं. आपण स्त्रीधन म्हणतो, तसंच काहीसं. टोंडबर्टने ऑड्रीला ईली नावाचं बेट दिलं होतं, असं ईलीच्या मठाच्या 12 व्या शतकातल्या बखरीत लिहिलं आहे. समुद्रातलं बेट नव्हे. चारी बाजूंना पाणथळ आणि मध्ये उंचवटा. होडीशिवाय जाता येत नसे. सापासारख्या लांब वाम माशांवरून ईली हे नाव पडलं. पण जागा लहान नव्हती. बीड नावाच्या साधूने 731 मध्ये इतिहास लिहिला, त्यात तो म्हणतो की इथली जमीन सुमारे 600 कुटुंबांची होती. तेव्हा जमीन अशीच मोजत, एका कुटुंबाचं पोट किती जमिनीवर भरेल त्यावर. विधवा झाल्यावर ऑड्री याच बेटावर राहिली, असं बखर सांगते.

पण राजाच्या मुलीला कोण एकटं राहू देतं? 660 मध्ये तिचं दुसरं लग्न झालं, उत्तरेकडच्या बलाढ्य नॉर्थंब्रियाच्या राजपुत्राशी. एकफ्रिथ त्याचं नाव. तो जेमतेम 15 वर्षांचा होता, ती त्याच्याहून कितीतरी मोठी. दोन राज्यांची सोयरीक झाली, एवढाच त्याचा अर्थ. 670 मध्ये एकफ्रिथ गादीवर बसला आणि ऑड्री राणी झाली.

तिने मनाशी देवाला वाहून घेतलं होतं. बारा वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याशी शरीरसंबंध ठेवला नाही, असं बीड लिहितो. ही गोष्ट त्याला प्रत्यक्ष विल्फ्रिडने सांगितली होती. विल्फ्रिड म्हणजे तिथला बिशप, मोठा धर्मगुरू. राणीचा त्याच्यावर विश्वास होता. तिने त्याला हेक्सहॅमची आपली जमीन देऊन चर्च बांधायला लावलं होतं. एकफ्रिथने याच विल्फ्रिडला गाठलं. राणीचं मन वळवून दे, तुला जमिनी देतो, पैसा देतो. बीड हे सांगतो ते तिच्या पावित्र्याची साक्ष म्हणून. आम्ही वाचताना मात्र त्या सौद्यापाशी थांबलो. बाईच्या शरीराचा प्रश्न, आणि बोलणी दोन पुरुषांत, जमिनीच्या मोलाने!

विल्फ्रिड फिरला नाही. ऑड्री वर्षानुवर्षं एकच मागत राहिली, मला मठात जाऊ द्या. शेवटी राजाने कसाबसा होकार दिला. ती कोल्डिंगहॅमच्या मठात गेली. तिथली मुख्य होती एब्बा, म्हणजे राजाचीच आत्या. सासरच्या आत्येसासूने सुनेला थारा दिला, ही गोष्टही लहान नाही.

पुढे लोककथा आहे. राजाचं मन पालटलं, तो माणसं घेऊन तिला आणायला निघाला. ऑड्री दोन मैत्रिणींबरोबर एका खडकावर चढली, आणि समुद्राला अशी भरती आली की सात दिवस पाणी हटलं नाही. राजा परत गेला. भरतीचं खरंखोटं जाऊ दे. ती दक्षिणेला कुठे गेली ते पक्कं माहीत आहे. ती माहेरच्या राजवाड्यात गेली नाही. ती ईलीला गेली, तिच्या बेटावर. राजाने नंतर दुसरं लग्न केलं.

673 मध्ये तिने ईलीत मठ बांधला. तिथे बाया राहत, पुरुषही राहत, आणि दोघांवर हुकूम तिचा चाले. राणी असून ती लोकरीचं जाडंभरडं घाले, तलम कापड नाही. बहुतेक दिवस एकदाच जेवे. गरम पाण्याची अंघोळ फक्त मोठ्या सणांच्या आधी, तीही इतर सगळ्या जोगिणींना न्हाऊ घालून झाल्यावर, शेवटी.

सहा-सात वर्षं हे चाललं. मग गळ्याला मोठी गाठ आली. कायनेफ्रिथ नावाच्या वैद्याने ती चिरली. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी ती गेली. 23 जून 679. दुखणं सोसताना ती म्हणे, तरुणपणी या गळ्यात सोन्यामोत्यांचं उगाच ओझं वागवलं, त्याचंच हे. गंमत अशी की याच संतीच्या जत्रेत पुढे गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकायला येऊ लागल्या. 'सेंट ऑड्रीची लेस' म्हणत. माल हलका होत गेला, नाव झिजत गेलं, आणि इंग्रजीत 'टॉड्री' हा शब्द आला. अर्थ, स्वस्त आणि भडक.

तिच्यामागे मठ सांभाळला थोरल्या बहिणीने. सेक्सबर्ग केंटची राणी, तीही विधवा होऊन इथे आलेली. ऑड्रीने मला साध्या लाकडी पेटीत, इतर जोगिणींच्या रांगेत पुरा असं सांगितलं होतं. सोळा वर्षांनी बहिणीने तिला चर्चमध्ये हलवायचं ठरवलं. दलदलीत दगड कुठला? माणसं होडीने गेली आणि एका ओसाड गावाच्या भिंतीपाशी त्यांना पांढऱ्या संगमरवराची पेटी सापडली. थडगं उघडलं तर देह जसाच्या तसा, आणि गळ्यावरचा चिरा भरलेला. तो वैद्यही तिथे हजर होता. हे बीडने लिहिलं आहे, आणि त्यावरून लोक तिला संत मानू लागले. सेक्सबर्गनंतर तिची मुलगी मठाची मुख्य झाली, अशी परंपरा आहे. म्हणजे मावशी, आई, लेक.

साधारण 870 मध्ये डेन लोकांनी मठ लुटला, जाळला. शंभर वर्षांनी, 970 मध्ये, बिशप एथेलवोल्डने तो पुन्हा उभारला. राजाकडून जमिनी मिळवल्या, इमारती बांधल्या. पण या वेळी मठ फक्त पुरुषांचा. ऑड्रीचं थडगं तिथेच राहिलं. तिच्या घरात बायांना मात्र जागा उरली नाही.

1086 मध्ये विल्यम राजाने सगळ्या मुलखाच्या जमिनींची नोंद करवली. गावोगाव विचारपूस झाली, नांगर किती, गुरं किती, मालक कोण. ईलीचा मठ तोवर इंग्लंडातल्या सर्वांत श्रीमंत मठांपैकी एक होता. नॉरफोक भागाच्या नोंदीत या मठाच्या जमिनींचं पान आहे. सातबाऱ्यावर मालकाचं नाव असतं, तसं त्या पानावर डोक्याशी लिहिलं आहे, 'संत एथेलड्रेडेच्या जमिनी'. ती जाऊन चारशे वर्षं झाली होती, आणि जमीन कसून घेणारे सगळे पुरुष होते.