औषधांवरील पहारा

इ. स. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एक भीषण प्रकार घडला. डोक्यातील दाब उतरावा म्हणून ज्यांना ग्लिसरीन देण्यात आले होते, असे काही रुग्ण मूळच्या व्याधीने नव्हे, तर मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागले. १४ जणांचा अंत झाला. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधांची खरेदी, तपासणी आणि शासकीय देखरेख या सर्वच टप्प्यांवरील शैथिल्य उघडकीस आणले.

हे विष काही नवे नव्हते. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध याच द्रवात विरघळवून विकण्यात आले आणि शंभरावर माणसे प्राणास मुकली. त्यांत अनेक बालके होती. विक्रीपूर्वी औषधाची निर्धोकता सिद्ध करण्याचे बंधन तेथे १९३८ च्या कायद्याने आले, ते या अनर्थानंतरच. म्हणजे मुंबईच्या दुर्घटनेपूर्वी जवळजवळ अर्धशतक हे ज्ञान छापील स्वरूपात उपलब्ध होते. मग ते रुग्णाच्या खाटेपर्यंत का पोचले नाही? औषधदक्षतेचा इतिहास हा बव्हंशी याच प्रश्नाचा इतिहास होय.

औषध बाजारात येण्यापूर्वी त्याची परीक्षा मोजक्या लोकांवर होते. क्वचित घडणारा अपाय लाखोंनी ते घेतल्यावरच दिसू लागतो. थॅलिडोमाइडने हे जगाला शिकविले. १९६१ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील डॉ. मॅकब्राइड यांचे अवघ्या काही ओळींचे पत्र आले. गरोदरपणी हे औषध घेतलेल्या स्त्रियांची मुले व्यंग घेऊन जन्मास येत आहेत, असे त्यांनी कळविले होते. जर्मनीत डॉ. लेन्झ यांनीही तोच इशारा दिला होता. तोवर जगभर सुमारे १०,००० मुलांना अपाय झाला होता. विखुरलेली निरीक्षणे एकत्र आली, तरच धोका वेळीच ओळखू येतो, हा त्यातील धडा. ब्रिटनने १९६४ मध्ये डॉक्टरांच्या हाती पिवळे कार्ड दिले. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांना घेऊन अशा नोंदी एकत्र करण्याचे काम आरंभिले. स्वीडनमधील उप्साला येथे १९७८ पासून हे काम चालते. भारत १९९८ मध्ये त्यात सामील झाला. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी एक होते. २०१० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याची सूत्रे पुढील वर्षी गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे आली.

नोंदींबरोबर या विषयावरील लेखनही वाढले, आणि त्याची मोजदाद करणारे शास्त्रही उदयास आले. ग्रंथालयाच्या कामाला गणिताची जोड द्यावी, ही कल्पना आपल्या डॉ. रंगनाथन यांनी १९४८ मध्येच मांडली होती. पुढे १९६० नंतरच्या दशकात कोणत्या लेखाचा आधार कोणी घेतला याची सूची निघू लागली, आणि ग्रंथमिती हे स्वतंत्र शास्त्र झाले. कोणत्या देशात, कोणत्या साली, कोणत्या औषधावर किती शोधनिबंध निघाले, हे त्यावरून कळते. जगाचे लक्ष कोठे आहे, हे दाखविणारा तो आरसा आहे.

परंतु आरशात समोरचे तेवढेच दिसते. शोधनिबंध तेथे वाढतात, जेथे विद्यापीठे आणि निधी आहे. विष तेथे शिरते, जेथे तपासणी ढिली आहे. तेच द्रव्य १९९६ मध्ये हैतीत आणि २००६ मध्ये पनामात पुन्हा प्राणघातक ठरले. २०२५ मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून ते वीसहून अधिक बालकांच्या पोटात गेले. मूत्रपिंडे निकामी झालेली कित्येक मुले उपचारासाठी नागपुरास आणावी लागली. १९३७ पासून ज्ञात असलेल्या या विषाविषयी तोवर लेखनाची वाण नव्हती.

निबंधांची मोजणी अवश्य व्हावी. तिने अभ्यासाची दिशा कळते. तथापि पहाऱ्याची खरी कसोटी लेखांच्या संख्येत नाही. ती औषधाच्या पिंपाशी होणाऱ्या तपासणीत आहे, आणि एखाद्या तालुक्याच्या डॉक्टराने शंका येताच त्याच दिवशी भरून पाठविलेल्या एका साध्या नोंदीत आहे.