किशोरवयीन मातृत्व, मेळघाटातील

मेळघाटातील, म्हणजे अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू आदिवासींमध्ये मुलींची लग्ने लवकर होतात आणि पहिले बाळंतपण अनेकदा विशीच्या आत येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतात १५ ते १९ वयोगटातील ६.८ टक्के मुली माता वा गर्भवती होत्या. रक्तक्षय, अडलेली प्रसूती, कमी वजनाचे बाळ हे धोके परिचित आहेत. मनाची आबाळ मात्र क्वचितच नोंदली जाते. घरी दाई, सासू, ओळखीची भाषा असते. दवाखान्यात कोरकू बोलणारे कोणी नसले, तर कळा सोसणाऱ्या मुलीला आपल्याबाबत काय केले जात आहे हेच कळत नाही. दूरच्या आरोग्य केंद्राजवळ प्रसूतीआधीच येऊन राहता यावे म्हणून ‘माहेरघर’ योजना आली. प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ची एडिनबरो प्रश्नावली (१० प्रश्न) वापरतात. पण प्रश्न मुलीच्या बोलीत आणि सासूच्या माघारी विचारले, तरच उत्तरे खरी मिळतात. कायद्याचीही एक अडचण आहे: अठराखालील गर्भधारणेची माहिती पोलिसांना देणे बालकांवरील लैंगिक अपराधांविरुद्धच्या पोक्सो कायद्याने (२०१२) बंधनकारक आहे. नवरा तुरुंगात जाईल या भीतीने काही मुली वय लपवतात, तर काही दवाखानाच टाळतात.